चालते ती कंबर

सोलापूर ते तुळजापूर हे अंतर साधारण ४५ किलोमीटर. दसऱ्यानंतर तुळजाभवानी श्रमनिद्रेत असते आणि कोजागिरी पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या दर्शनासाठी हा रस्ता माणसांनी भरून जातो. सोलापूरची माणसं, कर्नाटकातली, तेलंगणातली. म्हातारे, पोरंसोरं, लेकुरवाळ्या बाया, बरेचसे अनवाणी. वाहनं दुसऱ्या रस्त्यांनी वळवावी लागतात, एवढी गर्दी. रात्रभर चालायचं, बालाघाटाचा चढ चढायचा आणि आईच्या दारात पोचायचं.

एक पाऊल ७० सेंटीमीटरचं धरलं, तर या वाटेवर माणूस ६४ हजारांच्या आसपास पावलं टाकतो. आपण त्यातल्या एकाच पावलापाशी थांबू. त्यात इतकं काही दडलंय की उरलेली त्रेसष्ट हजार नऊशे नव्याण्णव बघायची गरजच पडणार नाही!

उजवा पाय रस्त्यावर टेकलाय. डावा हवेत आहे, पुढे येतोय. म्हणजे या क्षणी माणूस कशावर उभा आहे? एका पायावर. चालताना आपण दोन पायांवर असतो असं आपल्याला वाटतं. पण मोजून बघितलं तर चालण्याच्या वेळेतला सुमारे ८० टक्के वेळ आपण एकाच पायावर असतो. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीला लागलेले असतात ते अगदी थोडा वेळ. तुळजापूरपर्यंतचा रस्ता ही मंडळी खरं तर एका पायावर उभं राहत, पाय बदलत पार करतात.

मग ती पडत का नाहीत? धड मधोमध, आधार एका बाजूला. डावीकडचा पाय उचलला की शरीर डावीकडे कलंडायलाच हवं. ते कलंडत नाही, याचं उत्तर पायात सापडत नाही. त्यासाठी वर, कमरेकडे बघावं लागतं.

विठोबाने हात टेकवलेत तिथे आपलेही हात टेकवा. बोटांखाली एक टणक, वळणदार कड लागेल. करदोडा जिच्यावर अडून राहतो, घागर जिच्यावर टेकते आणि मूल जिच्यावर बसतं, तीच ही कड. खुब्याच्या रुंद हाडाची ही वरची किनार. हे हाड जन्मतः एक नसतं. प्रत्येक बाजूला तीन हाडं असतात: वरचं पसरट, खालचं बसायचं आणि पुढचं जांघेकडचं. ती तिन्ही ज्या ठिकाणी भेटतात, तिथेच मांडीच्या हाडाची उखळी असते. वयात येईपर्यंत या तिघांच्या मध्ये कूर्चा असते, म्हणजे नाकाच्या शेंड्यात असतो तसला लवचीक भाग. सोळाव्या वर्षाच्या आसपास ती बुजते आणि तिघांचं एक हाड होतं. मागच्या बाजूला दोन्हीकडची हाडं त्रिकास्थीला जोडलेली, आणि ती त्रिकास्थीही पाच मणके जुळून झालेली. तिच्या खाली माकडहाड. हा सगळा गोल म्हणजे श्रोणी. पाठीचा कणा वरून येतो, पाय खालून येतात. धडाचा सगळा भार इथून दोन वाटांनी पायांत उतरतो.

आता गंमत बघा. चिंपांझीलाही हीच हाडं आहेत, त्याच संख्येने, त्याच क्रमाने. तरी चिंपांझीण कधी पिल्लाला कडेवर घेताना दिसणार नाही. तिचं पिल्लू पोटाला चिकटतं, नाहीतर पाठीवर बसतं. कारण तिला ती कडच नाही! तिचं खुब्याचं पसरट हाड उंच, अरुंद आणि पाठीला समांतर असतं. आपलं मात्र बुटकं, रुंद आणि दोन्ही बाजूंनी वळून पुढे आलेलं असतं.

हे हाड वळलं कसं? २०२५ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये याचं उत्तर दिलं, आणि ते थक्क करणारं आहे. हाड आधी कूर्चेचं असतं आणि त्या कूर्चेतल्या वाढीच्या पट्टीच्या दिशेने ते वाढतं. इतर वानरांत ही पट्टी अशी बसलेली असते की हाड उंच होत जातं. माणसाच्या गर्भातही ती सुरुवातीला तशीच असते. आणि मग आईच्या पोटात, बाळ जेमतेम आकार घेत असताना, ती चक्क ९० अंशांत फिरते! उंच वाढणारं हाड आडवं पसरू लागतं. दोन पायांवर चालण्याची तयारी बाळाचं पहिलं पाऊल पडण्याच्या कितीतरी आधी, अंधारात, अशी सुरू झालेली असते.

आणि ही तयारी किती जुनी? १९७४ मध्ये इथिओपियातल्या हदार इथे डोनाल्ड जोहान्सन यांना ‘ल्युसी’चा सांगाडा मिळाला. वय सुमारे ३२ लाख वर्षं. तिचा मेंदू चिंपांझीच्या मेंदूहून फारसा मोठा नव्हता. पण तिची श्रोणी आपल्यासारखी बुटकी आणि रुंद होती. मेंदू मोठा व्हायच्या लाखो वर्षं आधी आपली कंबर माणसाची झाली होती!

हाड बाजूला वळल्याने काय साधलं? त्याच्या बाहेरच्या अंगाला असलेले स्नायू आता खुब्याच्या मागे न राहता कडेला आले. उजव्या पायावर उभे राहा आणि उजव्या खुब्याच्या बाजूला, कडेच्या खाली, हात दाबून धरा. काहीतरी ताठलेलं लागतंय ना? हा स्नायू श्रोणीला उजवीकडून खाली ओढून धरतो, म्हणून डावीकडची बाजू खाली पडत नाही. चिंपांझी दोन पायांवर चालतो तेव्हा दोन्हीकडे झुलत चालतो, कारण त्याच्याकडे हे काम करणारा स्नायू या जागी नाही.

ही एक तागडीच आहे, फक्त तिच्या दोन्ही दांड्या सारख्या नाहीत. मधला काटा म्हणजे खुब्याचा सांधा. एकीकडे शरीराचं वजन, दुसरीकडे हा स्नायू. माणूस ६० किलोचा धरू. त्याचा एक पाय साधारण १० किलोचा. तो पाय जमिनीवर टेकलेला, म्हणजे सांध्याला वर पेलायचे राहिले ५० किलो. पण वजनाकडची दांडी स्नायूकडच्या दांडीच्या साधारण दुप्पट लांब. म्हणून तोल राखायला स्नायूला १०० किलोंची ओढ लावावी लागते. आणि सांध्यावर येतात दोन्ही: ५० अधिक १००, म्हणजे १५० किलो!

हा कागदावरचा हिशेब झाला. बर्लिनमध्ये गेऑर्ग बेर्गमान यांच्या गटाने कृत्रिम खुब्यांमध्ये सेन्सर बसवून चालत्याबोलत्या माणसांच्या सांध्यावरचा भार प्रत्यक्ष मोजला. साध्या चालण्यात तो शरीराच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास निघाला. आणि माणूस ठेचकाळला तर? सात पटींहून जास्त. तुळजापूरच्या वाटेवर प्रत्येक खुबा हा दीडशे किलोंचा भार बत्तीस हजार वेळा झेलतो. त्याबद्दल कोणी कमरेला नारळ फोडत नाही.

हा स्नायू दुबळा झाला की काय होतं ते १८९५ मध्ये जर्मन शल्यविशारद फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी दाखवून दिलं. रोग्याला एका पायावर उभं करायचं. उचललेल्या पायाकडची कंबर खाली गेली, तर दोष टेकलेल्या पायाच्या खुब्यात. आजही हाडांचे डॉक्टर हीच साधी परीक्षा करतात. यंत्र नाही, सुई नाही, फक्त नजर.

आता त्या सांध्याच्या आत जाऊ. मांडीच्या हाडाच्या टोकाला एक गुळगुळीत गोळा असतो, साडेचार-पाच सेंटीमीटर व्यासाचा. तो उखळीत बसतो. एवढा १० किलोंचा पाय या गोळ्यावर लोंबकळत असतो, तो निसटत का नाही? स्नायूंनी, अस्थिबंधांनी धरून ठेवलंय म्हणून, असं आपण म्हणू. १८३६ मध्ये विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या भावांनी प्रेतावर प्रयोग केला. खुब्याभोवतीचे सगळे स्नायू कापले. सांध्याभोवतीची पिशवीही कापली. पाय तरीही खाली पडला नाही! मग त्यांनी श्रोणीच्या आतून उखळीला एक बारीक भोक पाडलं. हवा आत शिरली आणि पाय निखळून आला.

म्हणजे पायाला तोलून धरत होती ती हवा! वातावरणाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो. गोळ्याचं तोंड सोळा-सतरा चौरस सेंटीमीटरचं. दहा किलोंचा पाय पेलायला तेवढा दाब पुरून उरतो. उखळीच्या काठावर एक लवचीक कडं असतं, ते गोळ्याला घट्ट बिलगून हवा आत शिरू देत नाही. तुमच्या खुब्यात आत्ता या घडीला हेच चाललंय.

ही उखळी मात्र जन्मतः पक्की नसते. गोळा नीट आत बसलेला राहिला, तर ती त्याच्याभोवती खोल होत जाते. म्हणून तान्ह्या बाळाचे पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळले, तर खुबा निखळण्याचा धोका वाढतो. आणि कडेवर बसलेल्या मुलाच्या मांड्या फाकलेल्या, गुडघे वाकलेले असतात. गोळा उखळीत बरोबर बसायला याहून चांगली बैठक नाही. आईची कड लेकराचा खुबा घडवते! बाळाला गुंडाळा जरूर, पण कमरेखाली सैल. पाय हलू देत.

गोळा आणि उखळी दोघांवरही कूर्चेचा दोन-तीन मिलिमीटरचा थर असतो. तिच्यात रक्तवाहिनी एकही नाही. मग तिला अन्न कोण पोचवतं? सांध्यातलं पातळ वंगण. पाऊल टेकलं की दाबाने ते कूर्चेतून बाहेर पडतं, पाऊल उचललं की पुन्हा आत शोषलं जातं. चाललात तर कूर्चा जेवते.

गोळ्याखाली मांडीच्या हाडाची मान. ती सरळ खाली न जाता तिरकी बाहेर जाते आणि १२५-१३० अंशांचा कोन करून दांड्याला मिळते. हे वळण कशाला? कारण मानेमुळे स्नायू सांध्यापासून दूर बांधता येतो. तागडीतली स्नायूची दांडी लांब होते. मान नसती तर त्या स्नायूला आणखी कितीतरी जोर लावावा लागला असता.

पण तिरक्या मानेवर दीडशे किलो आले तर ती मोडायला हवी. मोडत का नाही? १८६६ च्या सुमाराची झ्युरिकमधली गोष्ट. शरीररचनाशास्त्रज्ञ हर्मान फॉन मायर यांनी मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला. आत जाळीदार हाड, आणि त्या जाळीच्या बारीक पट्ट्या ठरावीक कमानींमध्ये मांडलेल्या. बघणाऱ्यांत कार्ल कुलमान नावाचे इंजिनिअर होते. वाकड्या मानेच्या क्रेनमध्ये ताण आणि दाब कोणत्या रेषांनी जातात, याची आकृती ते काढत असत. हाडातल्या पट्ट्या त्याच रेषांवर होत्या! इंजिनिअर गणिताने जिथे पोचला, तिथे हाड आधीच जाऊन बसलं होतं.

हाडाला हे कोणी शिकवलं? भाराने. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये सूत्र मांडलं: भार जिथे पडतो तिथे हाड भरतं, जिथे पडत नाही तिथे झिजतं. आपला सांगाडा दगडासारखा वाटला, तरी त्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी खणून काढला जातो आणि नव्याने बांधला जातो.

याचा सर्वांत सुंदर पुरावा गुडघ्याशी आहे. तुमचे खुबे एकमेकांपासून दूर आहेत, पण गुडघे जवळजवळ. म्हणजे मांडीचं हाड वरून खाली येताना आत तिरपं येतं, नऊ-दहा अंशांनी. त्यामुळे पाऊल धडाच्या बरोबर खाली पडतं. ल्युसीच्या हाडातही हा तिरपेपणा आहे. तो जन्मजात असणार, असं वाटतं ना? नाही! नवजात बाळाचं मांडीचं हाड सरळ असतं. मूल उभं राहतं, पडतं, धडपडतं, चालायला लागतं, आणि पुढच्या काही वर्षांत हाड तिरपं होत जातं. जे मूल कधीच चालू शकत नाही, त्याच्या हाडात हा कोन येतच नाही. चालण्यासाठी लागणारं हाड चालूनच मिळतं!

बसण्याचंही तसंच. उकिडवं बसलं की घोट्याशी नडगीचं हाड पायाच्या हाडावर पुढून टेकतं. सतत टेकून तिथे छोटे गुळगुळीत सपाट भाग तयार होतात. भारतीयांच्या हाडांमध्ये हे भाग युरोपीयांपेक्षा जास्त आढळतात, असं इंदर बीर सिंग यांनी १९५९ मध्ये दाखवलं. चुलीपुढे, रानात, चावडीवर उकिडवं बसण्यात गेलेलं आयुष्य घोट्यात असं कोरलेलं राहतं.

हाडं माणसाबद्दल असं बोलतात, म्हणूनच पुरातत्त्वाला ती प्रिय. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव उकरलं. मेलेल्या मोठ्या माणसांना घराच्या जमिनीखाली, डोकं उत्तरेला करून पुरलेलं होतं आणि घोट्याखालचे पाय तोडलेले होते. मेलेला उठून चालत जाऊ नये म्हणून, असा अर्थ संशोधकांनी लावला. एक माणूस मात्र वेगळा. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात, पाय दुमडून बसलेला. त्याचे पाय शाबूत! बहुधा गावाचा प्रमुख. चालणं पायात असतं, अशी त्या लोकांची समजूत. तुमची-माझीही तीच होती, दोन मिनिटांपूर्वीपर्यंत.

आता या श्रोणीचं दुसरं काम. स्त्रीच्या श्रोणीतून माणसाचं बाळ जगात येतं, आणि ही वाट सरळ नाही. आत शिरताना ती आडवी रुंद असते, बाहेर पडताना पुढून मागे रुंद. बाळाचं डोकं तर पुढून मागे लांब. म्हणून ते आत आडवं शिरतं आणि वाटेत वळतं. बाहेर येताना त्याचं तोंड बहुतेकदा आईच्या पाठीकडे असतं. चिंपांझीण एकटीच विते. माणसाच्या बाळंतपणाला जगभर सुईण लागते, त्याचं एक कारण हे वळण असावं.

आणखी एक नवल. २०१६ मध्ये झ्युरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की मुलगी वयात आल्यापासून पंचवीस-तिशीपर्यंत तिची श्रोणी बाळंतपणाला अधिक सोयीची होत जाते आणि चाळिशीनंतर पुन्हा अरुंद होऊ लागते. हाडाला वय कळतं! सांगाडा स्त्रीचा की पुरुषाचा, हे ओळखायला तज्ज्ञ सर्वांत आधी श्रोणी मागतात, ती म्हणूनच.

तुळजापुरात पोचल्यावर शेवटची परीक्षा असते: महाद्वारातून आत गेलं की देवळाकडे पायऱ्या उतरत जायचं. रात्रभर चालल्यावर चढण्यापेक्षा उतरणं का दुखतं? उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला लगाम घालत असतो. त्याचा सगळा जोर गुडघ्याच्या वाटीवरून जातो. तिच्यावर वजनाच्या सुमारे तिप्पट दाब येतो. ही वाटी जन्मतः हाडाची नसतेच, कूर्चेची असते. तिसऱ्या ते सहाव्या वर्षांच्या दरम्यान तिचं हाड होऊ लागतं. खुब्याच्या मानेने तिथे केलं, तेच काम वाटी इथे करते: स्नायूला सांध्यापासून दूर धरून त्याचा जोर वाढवते.

शरीरातली २०६ हाडं धरली, तर त्यातली १२६ हातापायांची आणि त्यांना धडाशी जोडणारी. त्या सगळ्यांत मांडीचं हाड सर्वांत लांब आणि सर्वांत बळकट. आणि तरीही म्हातारपणी घात होतो तो त्याच मानेपाशी. वयाने, विशेषतः पाळी गेल्यावर, आतली जाळी विरळ होते. चालणं कमी झालं की आणखी विरळ. मग मोरीत पाय घसरतो, माणूस कुशीवर पडतो आणि मान मोडते. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या या मानेला बिलगूनच वर जातात. हाडाबरोबर त्याही तुटू शकतात. म्हणून हे हाड हाताच्या हाडासारखं बांधून ठेवल्याने जुळेल, असा भरवसा धरता येत नाही.

तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चालतं ठेवा. मोरीत धरायला दांडी बसवा, रात्री दिवा राहू द्या. आणि आजी पडल्या, उठता येईना, एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललंय असं दिसलं, तर चोळू नका, ओढू नका, उभं करून बघू नका. पाय आहे तसा स्थिर ठेवून सरळ दवाखान्यात न्या आणि एक्स-रे काढा. खुब्याची मान मोडली असेल, तर प्रकृती सोसत असल्यास एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून शक्य तितक्या लवकर उभं करणं, हाच त्यावरचा खरा इलाज आहे.